बटणमास्तरांचा स्वतःचा ओटा

"हं, आता करा चहा," मास्तर म्हणायचे, आणि समोरची बाई हटकून विचारायची, "कशात?"

बरोबरच होतं तिचं. स्वयंपाकघरात ना भांडं, ना शेगडी, ना नळाला पाणी. ओट्याचा दगड नुकता बसलेला, भिंतींचा अजून ओला वास येतोय, आणि हा माणूस पालथ्या बादलीवर बसून, कानामागे खडू खोचून म्हणतोय, चहा करा.

"असेल तशात करा. भांडं आहे असं समजा, दूध फ्रिजमध्ये आहे असं समजा. लाजू नका, मी काही पिणार नाही."

मग बाई हसत, इकडेतिकडे बघत, हवेतला फ्रिज उघडायची. पहिली दोन मिनिटं अवघडल्यासारखी वागायची. पण एकदा का हात चालू लागले की तिला मास्तरांचा विसर पडायचा. हवेतलं दूध उतू जायचं, मिक्सर फिरायचा, मध्येच कुणीतरी हवेतल्या पोराला दटावायची, "हात लावू नकोस, तापलंय ते!" आणि मास्तर हळूच उठून भिंतीवर खडूची फुली मारायचे. इथे मिक्सर. इथे किटली. इथे ओव्हन, आणि त्याला जाड वायर, वेगळी लाइन. फ्रिजची लाइन तर सगळ्यांपासून वेगळी काढलेली, म्हणजे गावाला जाताना घरातले दिवे बंद केले तरी दूध नासायला नको. शेगडीच्या मागे मात्र बटण म्हणून लावायचे नाहीत. मालकानं कितीही सांगितलं तरी नाही. "जाळावरून हात नेऊन बटण दाबायचं? तुम्ही दाबणार आहात का रोज?" असं विचारलं की मालक विषय बदलायचा.

यावरूनच त्यांचं नाव पडलं बटणमास्तर. ठेकेदार वैतागायचे. अहो, पॉइंट मारा आणि मोकळे व्हा, ही काय भातुकली लावलीय! पण मास्तर ढिम्म हलायचे नाहीत. त्यांची नजर फक्त बाईच्या हातांवर असायची. एका घरी म्हातारी खाली वाकण्याआधी दर वेळी ओट्याची कड धरते, हे त्यांनी बघितलं आणि कुणाला काही न बोलता ओव्हनचा पॉइंट खालून वर घेतला. म्हातारी पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, की माझा गुडघा माझ्या मुलाला नाही दिसला, पण त्या वायरमनला दिसला. मास्तरांना अशा गोष्टी घरी येऊन सांगायला फार आवडायचं. हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन, अगदी रंगवून सांगायचे.

बायको ऐकायची आणि म्हणायची, "जगातल्या समस्त बायकांचा स्वयंपाक बघून झाला तुमचा. माझाच तेवढा राहिला." हसत म्हणायची, म्हणून मास्तरही हसायचे.

आता या मास्तरांच्या घरचं स्वयंपाकघर कसं होतं ते सांगतो. म्हणजे सांगायलाही लाज वाटते. दाराजवळ एक बोर्ड, त्यावर एक सॉकेट. बास. घर बांधलं तेव्हा घाईत बसवलेला. त्या सॉकेटमधून एक लांबलचक वायर निघायची, खिळ्याखिळ्यावरून खिडकीच्या कडेनं ओट्यापर्यंत जायची, आणि तिच्या टोकाला एक एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत असायचा. मिक्सर लावायचा तर किटली काढा, किटली लावायची तर मिक्सर काढा. दोन्ही एकदम लावलं की घरातला अंधार ठरलेला. फ्रिज बाहेरच्या खोलीत, कारण आत त्याला वीजच नाही. दुधाच्या पातेल्यासाठी त्या बाईनं जन्मभर त्या खोलीतून या खोलीत ज्या येरझाऱ्या घातल्या, त्या कुणी मोजल्या असत्या तर मास्तरांची मान खाली गेली असती.

ती मागत नव्हती असं नाही. लग्नानंतर लाडानं मागितलं. लेक झाल्यावर चिडून मागितलं. एकदा तर भांडी आपटून मागितलं, आणि त्या रविवारी मास्तरांनी खरंच भिंतीवर खडू फिरवला. तेवढ्यात कुणाच्या तरी घरचा गिझर जळाला म्हणून बोलावणं आलं आणि ते उठून गेले. "आपलं काय, घरचंच आहे. कधीही होईल." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस वाईट नव्हता हो. कंजूष नव्हता, आळशी तर नव्हताच नव्हता. दिवसभर लोकांच्या भिंतींना वायरसाठी झिऱ्या पाडून खांदे भरून यायचे, घरी आल्यावर भिंतीकडे बघायची इच्छा उरायची नाही, एवढंच. पुढे पुढे ती फक्त चेष्टेत बोलायची, आणि मग तेही थांबलं. ती थांबली तेव्हा मास्तरांना वाटलं, चला, सवय झाली तिला.

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. अर्ध्या दिवसाचा प्रवास. तिच्या घराचं वायरिंग मास्तरांनी स्वतः जाऊन केलं, आणि काय केलं! हात जाईल तिथे बटण. पुढे लेकीला दिवस गेले, बाळंतपणासाठी आई तिकडे गेली. बाळ झालं. सगळं सुखरूप पार पडलं. आई दोन-तीन महिन्यांत परत येणार होती.

ती आलीच नाही. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, तरी नाही.

"कधी येतेस?" मास्तर फोनवर विचारायचे.

"येईन हो. बाळ जरा पायावर उभं राहू दे."

बाळ उभं राहिलं. "आता?"

"आता बघते."

एकदा लेकीनंच फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा, आईला इथे बरं पडतं. राहू द्या ना अजून थोडे दिवस."

ते 'बरं पडतं' मास्तरांच्या डोक्यातून जाईना. घर खायला उठायचं. संध्याकाळी येऊन ते भात लावायचे आणि ओट्याशी उभ्यानंच जेवून घ्यायचे. एकदा मिक्सर लावायला गेले, किटली काढायला विसरले, आणि अंधारात तसेच उभे राहिले. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की ही बाई रोज काय करत होती. आणि त्यांच्या मनानं घेतलं, की ती येत नाही ती या ओट्यामुळेच. तिकडे सगळं हाताशी आहे, इकडे ही लोंबती वायर. कशाला येईल ती? मी तरी आलो असतो का? डोकं वायरमनचं ना. दिवा लागत नाही, तर वायर तपास. वायर बदलली की दिवा लागणार. तिला परत आणायचं तर स्वयंपाकघर करायचं, बास, ठरलं.

त्यांनी हातातली दोन कामं चक्क नाकारली. लोकांना वाटलं मास्तर आजारी आहेत. जुना दोस्त गवंडी, त्याला बोलावून घेतलं. गवंड्यानं भिंत बघितली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "वहिनींना विचारलंस का, कुठे काय हवंय ते?"

"तिला काय विचारायचं? अचानक दाखवायचंय."

"अरे, पण परक्या बायकांना तू तास तास नाचवतोस."

"परक्या बायकांचा स्वयंपाक मला माहीत नसतो, म्हणून. हिच्या हातचं खाऊन केस पिकले माझे. हिचा हात कुठे जातो हे मला नाही कळणार, तर कुणाला कळणार?"

आणि मास्तरांनी स्वतःच बायको होऊन दाखवलं. खांद्यावर टॉवेल टाकला, टॉवेलची वेणी केली, ती झटक्यात पाठीवर टाकली, आणि रिकाम्या ओट्याशी उभे राहून चहा करू लागले. डावा हात भांड्याच्या कानाला. उजवा हात न बघता वर, फळीवरच्या चहाच्या डब्याकडे. टाचा उचलून, पार वरच्या फळीपर्यंत. मध्येच मान वळवून खिडकीतून कोण चाललंय ते बघणं. गवंडी भिंतीला टेकून पोट धरून हसत होता.

"अरे मास्तर, वेणी कुठली? वहिनींचे केस तर आखूड आहेत!"

"ते आत्ता आत्ता. म्हातारपणी फॅशन सुचलीय बाईसाहेबांना." मास्तरही हसले, आणि त्यांनी उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर फुली मारली.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. तिला पांढऱ्या टाइल्स आवडायच्या, तर पांढऱ्या टाइल्स, आणि त्यांच्या सांध्यातून बोर्ड असे बसवले की एकही टाइल वेडीवाकडी कापावी लागली नाही. मिक्सरचा पॉइंट आणि किटलीचा पॉइंट उजव्या हाताला, नळापासून लांब. वर धुरासाठी चिमणी, तिचं बटण फळीच्या शेजारी, उजवीकडेच. ओट्यावर सावली पडू नये म्हणून फळीखाली लांब दिवा. फ्रिज आत आणला. त्याला स्वतःची लाइन दिली, नवी अर्थिंग दिली. जुनी वायर खिळ्यांवरून उतरवताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते गवंड्यानं बघितलं आणि सिमेंट कालवायला बाहेर गेला. शेवटच्या दिवशी मास्तरांनी सगळं एकदम चालू केलं. मिक्सर, किटली, ओव्हन, चिमणी, सगळे दिवे. काही म्हणजे काही बंद पडलं नाही. ते एकटेच त्या घरघराटात उभे होते आणि त्यांना वाटत होतं, आता येईल. आता कशी नाही येणार?

जावयाचं इकडे काही काम निघालं. त्याच गाडीनं लेक आईला आणि बाळाला घेऊन आली, संध्याकाळी परत जायच्या बोलीवर. मास्तर मनात म्हणाले, बोली कसली, बघू तर खरं कोण कोण परत जातंय. त्यांनी दाढी केली होती. शर्टाला इस्त्री होती. बाळाला बघून घेतलं, पण लक्ष सगळं स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"अगं, जरा आत जाऊन बघ ना," ते म्हणाले, आणि आवाज इतका साधा ठेवला की लेकीला लगेच संशय आला.

बायको आत गेली. दाराजवळच थांबली. मग तिनं टाइलवर बोटं फिरवली, फ्रिजला हात लावला, आणि म्हणाली, "अहो, हे कुणाचं घर आहे?"

"तुझं."

"काहीतरीच!" ती म्हणाली आणि हसता हसता तिला रडू आलं. मास्तरांना जग जिंकल्यासारखं झालं. चला, म्हणाले ते, आता तुझ्या हातचा चहा होऊन जाऊ दे. आणि सवयीनं दाराशी उभे राहून बघू लागले. पालथी बादली तेवढी नव्हती.

ती ओट्याशी गेली. दिवा लावला, डाव्या हातानं. मास्तरांना वाटलं, उजव्या हातात रुमाल आहे म्हणून. मग किटली भरली. किटलीचं बटण उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर. तिनं तिकडे बघितलं, सगळं अंग वळवलं, ओट्याकडे जवळजवळ पाठ केली, आणि डावा हात पलीकडून नेऊन बटण दाबलं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. असं कुणी करत नाही. एवढी घरं झाली, असं कुणी केलेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

"चिमणी लावून बघ की," ते म्हणाले.

तिनं वर बटणाकडे बघितलं. मग इकडेतिकडे बघितलं. मग भांड्यातली पळी डाव्या हातात घेतली आणि पळीच्या दांड्यानं बटण दाबलं. चिमणी सुरू झाली.

"हे काय? पळीनं?"

"सवय झालीय," ती म्हणाली आणि कप मांडायला लागली, जसं काही घडलंच नव्हतं.

"उजवा हात वर कर बघू."

"राहू द्या हो. चहा निवेल."

"कर म्हणतो ना."

तिनं केला. हात छातीपर्यंत आला आणि अडकला. पुढे फक्त खांदा वर गेला, कानापर्यंत, आणि चेहरा पिळवटला. "एवढाच येतो," ती म्हणाली.

चिमणी घरघरत होती. मास्तरांनी पुढे होऊन ती बंद केली. त्यांचा हात बरोबर पोचला.

"केव्हापासून?"

"झाले की दिवस. तुम्ही ते तलावाजवळच्या मोठ्या इमारतीचं काम घेतलं होतं, तेव्हा सुरू झालं."

ते काम बाळाच्या कितीतरी आधीचं होतं. म्हणजे लेकीकडे जाण्याआधी, इथे, याच ओट्याशी, त्यांच्या डोळ्यांसमोर. मास्तरांना एकेक आठवायला लागलं. चहाचा डबा फळीवरून खाली ओट्यावर आला होता, आणि 'सगळा पसारा खालीच का ठेवतेस' म्हणून तेच तिच्यावर डाफरले होते. आणि केस. हात मागे जात नाही तर वेणी कशी घालणार? म्हणून कापले. आणि त्यांनी गवंड्याला, वाण्याला, अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, आमच्या बाईसाहेबांना फॅशन सुचलीय. ती तेव्हा हसली होती. हसली होती म्हणजे काय, चांगली खळखळून हसली होती.

"बाबा, मला आई आली त्या दिवशीच दिसलं," लेक दारातून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "बाळाला घ्यायला तिनं हात पुढे केले, तर एकच हात आला. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, फार उशीर केलात, खांदा धरलाय. आता रोज व्यायाम करून घेणारी बाई येते. मी म्हटलं होतं ना तुम्हाला, तिला तिथे बरं पडतं."

"मला का नाही सांगितलंस तू?" मास्तर बायकोला म्हणाले. ओरडलेच ते, आणि ओरडल्याबरोबर खजील झाले.

"सांगणार होते की. रोज ठरवायचे, आज सांगीन." तिनं कप त्यांच्या हातात दिला. "तुम्ही यायचात तेच खांदा धरून. आज भिंत फार कडक होती म्हणायचात, आणि मलम माझ्या हातात द्यायचात. मग मी तुमच्या खांद्याला मलम चोळायचे. डाव्या हातानं चोळतेय, हे तुम्हाला कधी कळलं नाही. मग म्हटलं, जाऊ दे. आता काय सांगायचं."

मास्तर कप धरून उभे राहिले. प्यायले नाहीत.

"मी सगळं खाली घेतो," ते म्हणाले. "आजच घेतो. डावीकडे घेतो, कमरेच्या उंचीला. चार टाइल्स काढाव्या लागतील, त्याला काय वेळ लागतोय? तू फक्त इथे उभी राहा, मला दाखव..."

"नका हो." तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. "इतक्या छान बसल्यात टाइल्स. नका फोडू. मागत होते तेव्हा मला हेच हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार म्हणजे फार हवं होतं. स्वप्नात दिसायचं मला. आता बघितलं की नुसतं वाईट वाटतंय. माझ्यासाठी केलंत, आणि मीच यात बसत नाही."

"म्हणजे येणार नाहीस?"

"आत्ता नाही. हात सुटतोय जरा जरा. इथे आले की मी पुन्हा तशीच दुखऱ्या हातानं सगळं करत बसेन, मला ठाऊक आहे. आणि तुम्ही कामावर जाल. मला राग नाही आला तुमचा. आला होता तेव्हा. आता नाही."

राग असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. रागावर काहीतरी बोलता येतं.

दुपार कशी गेली कळलं नाही. बाळ नव्या फ्रिजच्या दाराला धरून उभं राहिलं, त्याचं कौतुक झालं. संध्याकाळी जावयाची गाडी आली. बाहेर गारठा पडला होता. लेक बाळाचं सामान गाडीत ठेवायला गेली आणि बायकोनं आपला स्वेटर उचलला. मास्तर पुढे झाले. "दे, मी घालतो."

त्यांनी स्वेटर धरला आणि तिच्या डाव्या हाताकडे बाही नेली. चांगला हात आधी, असं त्यांना वाटलं. तिनं हात घातला, मग दुसऱ्या बाहीसाठी उजवा हात मागे नेऊ लागली, आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मास्तर दचकून थांबले. स्वेटर तसाच अर्धा लोंबत राहिला.

"तसं नाही बाबा," सामान ठेवून आलेली लेक दारातून म्हणाली. "आधी दुखरा हात."

मास्तरांनी डावी बाही काढली. पुन्हा पहिल्यापासून, अगदी हळू, बाही गोळा करून तिच्या उजव्या हाताखाली नेली. हात वर न्यायला न लावता ती मनगटावरून, कोपरावरून सरकवत सरकवत खांद्यापर्यंत आणली. मग पाठीवरून स्वेटर नेला, मग डावा हात. बटणं लावली.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

'नाही हो' म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. मग ती थांबली, आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हो. खूप दुखतं."

मास्तरांनी मान हलवली. बाहेर गाडी सुरू झाली होती, आणि ती जाऊन लेकीशेजारी बसली.